हेंद्रेपाड्यातली साक्ष

ठाण्याहून बदलापूर, कल्याणला गाडी बदलावी लागली तरी, दीड तासात येतं. मला तिथं पोचायला दहा वर्षं लागली, आणि तीही एका जपानी प्रोफेसरांचं बोट धरून.

प्रोफेसर मोरिकावा गेल्या माघात मुंबईला आले. समाजशास्त्राचे प्राध्यापक, पन्नाशी उलटलेले, डावा कान अधू. त्यामुळे बोलणाऱ्याकडे ते सारखे वाकत, आणि लोकांना वाटे, किती नम्र माणूस! युद्ध संपल्यावर मांचुरियातून, कोरियातून लाखो जपानी माणसं एकेक बोचकं घेऊन मायदेशी परतली होती. उखडलेली माणसं पुन्हा मूळ कशी धरतात, हा त्यांचा अभ्यास. आपल्याकडच्या निर्वासितांशी त्यांना तुलना करायची होती.

मी मुंबईच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो आणि मला जपानी येतं. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं, "गुप्ते, तीन दिवस यांच्याबरोबर फिरा. त्यांचं मन जिंकलंत तर त्यांच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकायची जागा मिळेल. परत आलात की आपल्याकडे जपानच्या अभ्यासाचा वर्ग काढू." मला ती जागा फार हवी होती. जपानी कुठं शिकलो, हे त्यांनी विचारलं नाही. नोकरीच्या अर्जात मी 'लष्करात असताना' एवढंच लिहिलं होतं.

प्रवासाची आखणी माझ्याकडेच होती. निर्वासितांसाठी उल्हासनगर, कारखान्यांसाठी अंबरनाथ, आणि तिसऱ्या दिवशी एखादं शेतकरी गाव. टिटवाळा लिहिता आलं असतं, नेरळ लिहिता आलं असतं. मी बदलापूर लिहिलं.

उल्हासनगर

कल्याण स्टेशनावरून टांगा केला. ज्यांनी उल्हासनगर पाहिलेलं नाही, त्यांनी लढाईच्या काळातली लष्करी छावणी डोळ्यांपुढे आणावी: लांबच लांब बराकी, एकीसारखी दुसरी. शिपाई गेले आणि तिथं सिंधमधून आलेली कुटुंबं उतरली. एकेका बराकीचे गोणपाट लावून दहा-बारा भाग केलेले. पण आता आठ-नऊ वर्षांनी गोणपाटाच्या जागी विटा आल्या होत्या, भिंती फोडून दारं काढली होती आणि दारासमोर दुकानं थाटली होती. खाटेवर पापड वाळत होते. शिवणयंत्रांची घरघर तर थांबतच नव्हती. आपल्याकडे दुकान काढायचं तर माणूस आधी मुहूर्त पाहतो. इथं एक बाई दोन विटांवर फळी ठेवून लोणचं विकत होती, आणि तिच्याकडे गिऱ्हाईकं होती.

लालचंद मास्तर म्हणून शिकारपूरचे एक शिक्षक आमची वाट पाहत होते. त्यांनी आधी दाल-पकवान खायला घातलं. मोरिकावांनी वरचं पकवान, म्हणजे कडक तळलेली पुरी, डाळीवरचं झाकण समजून अदबीनं बाजूला काढून ठेवलं आणि नुसती डाळ प्यायले. मास्तरांनी स्वतःचं पकवान मोडून दाखवलं तेव्हा ते स्वतःच खूप हसले. त्या दिवसातलं तेवढंच हसणं.

एका बराकीत त्यांनी वही काढली. पहिलाच प्रश्न विचारला, "या घरातलं कोण पोचलं नाही?" मी हिंदीत विचारलं, "घर में कितने लोग हैं?" म्हटलं, उगाच जखम कशाला उकरा. पण माझ्या सोज्वळ प्रश्नानंच घात केला. बनियन घातलेला एक दांडगा गृहस्थ पुढे आला आणि त्यानं वही हिसकावली.

"फिर गिनने आए? पिछली बार गिनके गए, और महीने के अंदर आधा राशन बंद!"

"साईं, ये सरकारी नहीं हैं," लालचंद मास्तर म्हणाले.

"तो ये कौन-सी लिखाई है?" त्यानं वही उलटीसुलटी केली. जपानी अक्षरांची पानं हातोहात फिरली. "खुफिया है? चीनी है?"

बघता बघता तीस-चाळीस माणसं जमली. दारातला उजेड अडला. मोरिकावा भिंतीला टेकून उभे होते आणि मला विचारत होते, "काय म्हणताहेत?" मी म्हणत होतो, "काही नाही, काही नाही."

तेव्हा आतल्या खाटेवरून एक म्हातारी बोलली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण सगळे गप्प झाले. "इससे पूछो, इसका अपना घर है?"

हा प्रश्न मी जसाच्या तसा सांगितला. मोरिकावा तिच्याकडे वाकले. "होतं. एका हल्ल्यात सगळा मोहल्ला जळाला. बायको वाचली, मुलगी नाही."

मी हिंदीत सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "किसने जलाया?"

"अमेरिकेच्या विमानांनी."

ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "और इसके लोगों ने किस-किसका जलाया?"

मोरिकावा माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, "तुमच्या मुलीबद्दल त्यांना फार वाईट वाटतं आहे." त्यांनी म्हातारीला लवून नमस्कार केला. म्हातारीनं मान वळवली, पण वही परत द्यायला सांगितली.

टांग्यात बसल्यावर मोरिकावांनी वहीची चुरगळलेली पानं सरळ केली. मग म्हणाले, "गुप्ते-सान, त्या बाईंना वाईट वाटत नव्हतं."



अंबरनाथ

अंबरनाथला माझा मावसभाऊ एका कारखान्यात अधिकारी आहे. त्याच्या क्वार्टरमध्ये उतरलो. पुढे बाग, मागे नळ, दुपारी भोंगा झाला की सायकलींचा लोंढा. मावसभावानं चहाच्या वेळी मोरिकावांवर प्रश्नांचा भडिमारच केला: जपान दहा वर्षांत उभा राहिला, आपल्याला का जमत नाही? तुमच्या मजुरांना शिस्त कोणी लावली? मोरिकावा म्हणाले, "शिस्त आमच्याकडे युद्धाच्या आधीही होती. तिनंच आम्हाला तिकडे नेलं." मावसभावाला हे उत्तर रुचलं नसावं. त्यानं विषय बदलून लेथ मशिनांचा काढला.

दुपारी आम्ही शिवमंदिराकडे गेलो. काळ्या दगडाचं, ओढ्याकाठचं जुनं देऊळ. हत्ती, नर्तकी, देव, सगळे एकमेकांना खेटून कोरलेले, रिकामी अशी वीतभर जागा नाही. पुजारी घंटेच्या दोरीखाली पेंगत होता. आम्ही बाहेरच्या ओट्यावर सावलीत बसलो. मी त्यांना म्हटलं, "इथं बसा."

ते बसले नाहीत. "तुमचं जपानी ऐकताना मी दर वेळी दचकतो," ते म्हणाले. "व्याकरण बरोबर आहे. पण तुम्ही 'बसा' म्हणता तेव्हा तो हुकूम असतो. 'चला' म्हणता तेव्हाही. असं जपानी कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. कुठं शिकलात?"

कालच्या त्या लवून केलेल्या नमस्कारानंतर मला आणखी एक खोटं बोलवेना. मी सांगितलं.

मी पलटणीच्या कोठारात कारकून होतो. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती सापडलो, त्याला आता चौदा वर्षं झाली. आमच्यातले कितीतरी आझाद हिंद सेनेत गेले, कितीतरी नाही गेले. न गेलेल्यांपैकी आम्हा काही जणांना बोटीत कोंबून दक्षिण समुद्रातल्या एका बेटावर नेलं, विमानांची धावपट्टी बांधायला. पहारेकऱ्यांचं बोलणं ऐकून मी भाषा उचलली आणि दुभाष्या झालो. दुभाष्याला माती वाहावी लागत नसे.

आमच्या तुकडीत बदलापूरचा नारायण होता, हेंद्रेपाड्याचा. सगळे त्याला नारू म्हणत. त्याचे पाय सुजले, अंगठ्यानं दाबलं तर खळगा पडे. मी अधिकाऱ्याला सांगितलं, याला काम झेपणार नाही, भात वाढवून द्या. अधिकारी म्हणाला, हिंदी शेतकरी जन्मभर थोडक्या अन्नावर राबतो, आमच्याकडच्या छापील पुस्तकात तसं दिलं आहे. दुसऱ्या दिवशी कामावर जाणाऱ्यांची यादी त्यानं माझ्या हातात दिली. मी ती मोठ्यानं वाचली. नारूचं नाव वाचलं. तिसऱ्या दिवशी तो चर खणता खणता पडला.

मोरिकावा आता बसले.

"ते पुस्तक मी लिहिलं असेल," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"टोकियोत आमची अभ्यासकांची एक मंडळी होती. लष्कराला माहिती हवी होती: हिंदी माणूस काय खातो, कशानं चिडतो, कशानं काम करतो. मी इंग्रजी पुस्तकांवरून उतरवून काढलं. तोवर मी एकही हिंदी माणूस पाहिला नव्हता. त्या अधिकाऱ्याच्या हातात माझंच पुस्तक होतं की दुसऱ्याचं, मला माहीत नाही. पण हे वाक्य मी लिहिलं होतं." ते पुढे म्हणाले, "अभ्यास चुकला तर फार तर विद्यार्थी नापास होतो, असं मी समजत होतो."

पुजारी जागा होऊन आम्हाला तीर्थ देऊन गेला. मोरिकावांनी माझं बघून ते ओंजळीत घेतलं आणि तसंच धरून बसले. पाणी बोटांतून गळून गेलं.

"तुम्हाला जपानचा अभ्यास कशासाठी करायचा आहे?" त्यांनी विचारलं.

मी ओले हात रुमालाला पुसत राहिलो.

"नारूच्या घरच्यांना हे माहीत आहे?" त्यांनीच पुन्हा विचारलं.

"नाही."

"उद्याचं बदलापूर म्हणजे तेच ना?"

"हो. पण उद्या तुम्ही येऊ नका. मी एकटा जातो."

"यादीत माझंही नाव आहे," ते म्हणाले.

बदलापूर

बदलापूर स्टेशनाच्या पूर्वेला कुळगाव, पश्चिमेला हेंद्रेपाडा. सकाळी उतरलो तेव्हा शेतांवरून धूर तरंगत होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची म्हणून लोक पालापाचोळा, शेणी पसरून पेटवतात, त्याला राब म्हणतात. मोरिकावांनी काठीनं राख उकरून पाहिली आणि म्हणाले, त्यांच्या आजोळीही डोंगरउतारावर असं भाजतात. कापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरला होता, त्याला शेंगा धरल्या होत्या. एरवी मी हे सगळं आनंदानं बघितलं असतं. त्या दिवशी मी मान खाली घालून चालत होतो.

नारूनं बेटावर इतक्यांदा वर्णन केलं होतं की घर विचारावंही लागलं नाही. दारातच त्याचे वडील चांगो भेटले. राबाच्या राखेनं पोटऱ्या काळ्या झालेल्या. मी म्हटलं, गावांची पाहणी करायला आलो आहोत.

"या, बसा. कंच्या गावचं पाव्हणं?"

"लांबचे. पूर्वेकडचे."

नारूची आई भागीबाई, तिनं आम्हाला जेवल्याशिवाय हलू दिलं नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकट. शहरी पाहुण्याला सुकटीचा वास चालेल का म्हणून ती बिचकत होती. पण मोरिकावांनी सुकट अशी खाल्ली की माऊली हरखून गेली. "खा रं बाबा, खा," म्हणत तिनं न विचारता तिसरी भाकरी त्यांच्या पानात टाकली. वाढायला सून होती, सोनी. तिशी ओलांडलेली, कपाळावर ठसठशीत कुंकू. कोपऱ्यात गणवेशातल्या नारूचा फोटो होता. मी पाठ फिरवून बसलो होतो.

जेवण झालं. मोरिकावांनी हात धुतले, माझ्याकडे पाहिलं आणि मी काही बोलत नाही असं दिसल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाले, "जपान."

भागीबाईला कमी ऐकू येई, तिच्या कानावर ते पडलं नाही. चांगोला गेलं.

"जपान? म्हंजी आमचा नारू ज्यांच्याशी लढाया गेला, तेच लोक?"

"हो," मी म्हटलं.

सोनी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिनं तो खाली ठेवला. "तुमाला काय तरी ठावं हाय," ती मला म्हणाली. "आल्यापासून तुमी त्या फोटूकडं बघितलं नाय."

मग मी सांगितलं. बोटीपासून चरापर्यंत सगळं. यादीसुद्धा. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो, वर बघायचा धीर नव्हता. भागीबाई सुनेला विचारत होती, "काय म्हणतो? काय म्हणतो गं?" तिला कोणी उत्तर दिलं नाही.

"कंच्या साली?" सोनीनं विचारलं. आवाज कोरडा.

"सिंगापूर पडलं त्याच्या दुसऱ्या वर्षी. गणपतीच्या सुमारास."

तिनं मनातल्या मनात काहीतरी जुळवलं. "म्हंजी वन्संचं लगीन झालं तवा ते नव्हतंच. त्यांच्यासाठी मी नवं धोतर आणून ठेवलं व्हतं." मग म्हणाली, "तुमी कवा आलाव परत?"

"दहा वर्षं झाली."

"ऱ्हाता कुठं?"

"ठाण्याला."

"ठाण्याला," ती म्हणाली. "ठाण्याच्या बाजारात मी वालाच्या शेंगा घेऊन येते. दर साली."

मी म्हटलं, "मला तोंड दाखवायचा धीर झाला नाही. नाव मीच वाचलं होतं."

"सायबानं लिवलं, तुमी वाचलं. ते तुमचं तुमी बघा!" ती एकदम ओरडली. "मला त्याचं काय करायचं? सरकारचा कागद आला, बेपत्ता. पंच म्हणतात, मेल्याचा साक्षीदार आण, मग पाट लाव. कुठशी आणू साक्षीदार? चिखलोलीचा एक माणूस माझ्याशी पाट लावाया दोन वरसं थांबलाय. आणि साक्षीदार ठाण्यात बसलाय, दीड तासावर!"

"सोने!" चांगो उठला. त्याच्या हातात राब पसरायची लांब काठी होती. मला वाटलं, आता ती माझ्यावर पडणार. आणि खरं सांगतो, पडली असती तर बरं झालं असतं. पण तो सुनेपुढे उभा राहिला. "हा कोण, कुठचा! याच्या बोलण्यावर माझा पोर मारतेस?"

"मामंजी, चौदा वरसं मी त्यांना जितं ठेवलंय. तुमच्यासाठी. आता माझ्यानं व्हत नाय."

मोरिकावांनी माझी बाही धरली. "काय बोलताहेत ते?"

मी गप्प राहिलो. ते सोनीला दिसलं. "त्याला बी सांगा," ती म्हणाली. "समदं सांगा. गाळू नका."

मी सांगितलं. ठाण्याचा बाजार, धोतर, पंच, चिखलोली, दीड तास, काही गाळलं नाही. उल्हासनगरच्या म्हातारीचा प्रश्नही सांगून टाकला. मोरिकावांनी तो शेवटपर्यंत ऐकला. मग ते शेणानं सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि कपाळ भुईला लावलं. ते वर येईनात. भागीबाई घाबरली. "अगं उठवा त्याला. आपल्याकडं जेवला हाय तो."

चांगो काठी घेऊन बाहेर निघून गेला. दारातून दिसलं, विझलेला राब तो पुन्हा पुन्हा उलथत होता.

सोनी म्हणाली, "लिवून द्या."

मोरिकावांच्या वहीतलं पान फाडून मी लिहिलं: नारायण चांगो, राहणार हेंद्रेपाडा, माझ्यासमोर वारला. कुठं, कधी, कशानं. खाली सही, ठाण्याचा पूर्ण पत्ता. दोन शब्द खोडून पुन्हा लिहावे लागले. मोरिकावांनी कागद मागून घेतला, खाली तीन ओळी जपानीत लिहिल्या आणि खिशातून सहीऐवजी वापरायचा छोटा शिक्का काढून लाल ठसा उमटवला.

"यानं काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं: हा माणूस माझ्या देशाच्या ताब्यात असताना उपासमारीनं मेला. त्याच्याबद्दल ज्यांनी चुकीचं लिहिलं, त्यांच्यात मी होतो.

दुसरं वाक्य तिला कळलं नसावं. तिनं समजावून मागितलं नाही. कागदाची घडी घालून पदराला गाठ मारली आणि म्हणाली, "तुमची गाडी असंल."

पुन्हा एकदा

मोरिकावा गेले. पावसाळ्यात त्यांच्या विद्यापीठाचं पत्र आलं, जागा मिळाली आहे. मी कळवलं की मी येईन, पण माझा विषय तो बेटावरचा तळ असेल. तिथं मेलेल्या हिंदी मजुरांची नावं तुमच्या लष्कराच्या कागदांत शोधायची आहेत. ते हे मान्य करतील की नाही, अजून कळलेलं नाही.

श्रावणात मी हेंद्रेपाड्याला एकटा गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. सोनीचा पाट लागला होता, ती चिखलोलीला नांदत होती. भागीबाईनं पाणी दिलं, पण माझ्याजवळ बसली नाही. चांगो शेतात होता. मी बांधावर जाऊन उभा राहिलो. लावणी झालेल्या भातातलं गवत तो उपटत होता. बऱ्याच वेळानं त्यानं पाठ सरळ केली.

"पुरला का जाळला?" त्यानं विचारलं.

"पुरला. मी आणि आणखी दोघांनी."

"खड्डा किती व्हता?"

"कमरेएवढा. आमच्या अंगात तेवढीच ताकद होती."

चिखलानं भरलेला हात त्यानं स्वतःच्या कमरेला लावून पाहिला.

"कमरेएवढा म्हंजी जनावर उकरत नाय," तो म्हणाला, आणि पुन्हा भातात वाकला.